शेठचा ‘प’
ठाकुर्लीच्या परशुरामशेठ भोईरांचा या जगात विश्वास असलाच तर तो एका गाडीवर. यामाहा आरएक्स हंड्रेड. अठ्ठ्याण्णव सीसी, टू-स्ट्रोक, अकरा हॉर्सपॉवर, चार गिअर. आणि आतलं इंजिन खास जपानहून आलेलं, हे ते लग्नाच्या पंगतीतही ऐकवत. म्हणूनच जो तो आपल्या इंजिनावर टपलाय, अशी त्यांची पक्की समजूत.

विठ्ठलवाडीचा मेकॅनिक चांगदेव तीस वर्षं या गाडीचं काम बघत होता, आणि तीस वर्षं शेठ समोर स्टुलावर बसून चांगदेवकडे बघत होते. तिथे चहासुद्धा घेत नसत. कपात बघावं आणि तेवढ्यात कार्बोरेटर बदलला तर?

यंदा मात्र गुडघ्याचं ऑपरेशन आणि गाडीचं आरटीओतलं पासिंग एकाच महिन्यात आलं. पासिंगआधीच्या कामाला गाडी चांगदेवकडे एकटी सोडण्यावाचून इलाज नव्हता. मग शेठनी नातीच्या कंपासमधलं कर्कटक घेतलं आणि सायलेन्सर, कार्बोरेटर, इंजिन, सगळीकडे बारीक ‘प’ कोरला.

“एवरा संशय बरा नाय,” बायको सखुबाई म्हणाली.

“तुला काय कलतं? जपानी माल हाय!”

गाडी परत आली. शेठनी काठी टेकत एकेक ‘प’ तपासला. सगळे शाबूत. तरी त्यांना चैन पडेना. इतकं सगळं जागच्या जागी कसं?

आरटीओत इन्स्पेक्टरने इंजिन नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली आणि तो थबकला. शेवटच्या आकड्यावरून ‘प’चा दांडा गेला होता.

“नंबर खोडलाय. इंजिन चोरीचं नाही कशावरून?”

“मीच कोरलाय, साहेब!”

“सगळे असंच म्हणतात. हे इंजिन पहिल्यापासून ओळखणारा कुणी असेल तर आणा, लेखी द्यायला लावा. नाहीतर गाडी इथेच राहील.”

आयुष्यभर शेठ ज्या नजरेने लोकांकडे बघत आले, ती नजर आज त्यांच्यावर रोखलेली होती. आणि इंजिन ओळखणारा माणूस जगात एकच होता. शेठनी चांगदेवला फोन लावला.

चांगदेव अर्ध्या तासात आला, तेलकट हातांनीच. इंजिनाच्या पोटाखाली स्वतः केलेलं जुनं वेल्डिंग त्याने साहेबांना दाखवलं, जबाब लिहून दिला, सही केली. गाडी सुटली.

बाहेर आल्यावर शेठ पुटपुटले, “चांगदेव, तो ‘प’...”

“पहिल्याच दिवशी दिसलेला, शेठ. एकावरपण ग्रीस राहू दिलं नाही. नवा गुडघा तुमचा, वाकून शोधायला त्रास नको.”

शेठ लाजेने अर्धमेले झाले. समोरच्या टपरीवर त्यांनी दोन चहा सांगितले, आणि गाडीकडे पाठ करून बसले.