खोटा काटा आणि पातळ वरण

माझ्या नाकाला वास येत नाही हे मी जगापासून लपवलं ते लपवलंच, पण पंधरा दिवस बायकोपासूनही लपवलं होतं. शेवटी दुधानं घात केला. चुलीवर दूध करपत होतं आणि मी तिथेच पाटावर बसून निवांत नखांतलं ग्रीस काढत होतो. ती विहिरीवरून धावत आली, पातेलं खाली उतरवलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अवो, विहिरीपर्यंत वास येऊन राह्यला. तुमाले इथं बसून नाई आला?"

मी सर्दीचं निमित्त सांगितलं. तिनं हिंगाची डबी उघडून माझ्या नाकाखाली धरली. मी तिच्याकडे पाहून गोड हसलो. तिथेच पकडलो गेलो.

आता मिस्त्रीला नाक कशाला हवं, असं कुणी विचारेल. नालवाडीला सडकेच्या कडेला माझं गॅरेज होतं आणि काम पेट्रोलच्या गाड्यांचं. कार्बोरेटर हवेत पेट्रोल मिसळतो. ते प्रमाण बिघडलं की इंजिन एकतर पेट्रोल पितं, नाहीतर तापून मरतं. हे प्रमाण दाखवणारं यंत्र आमच्या भागात कुणी पाहिलेलं नव्हतं. आम्ही धूर हुंगायचो. कच्च्या पेट्रोलचा वास आला म्हणजे तेल जास्त. नाकात सुईसारखा टोचला म्हणजे तेल कमी. माझं नाक पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. धूर हुंगून मी गाडीत कुठल्या पंपाचं पेट्रोल आहे ते सांगतो, अशी अफवा होती. ती मीच पसरवली होती.

सेवाग्रामच्या डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि पेट्रोल हुंगणं बंद करा म्हणाले. मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मला हा एकच धंदा येत होता, आणि त्यातलं निम्मं कसब नाकात होतं. ही गोष्ट फुटली असती तर दुसऱ्या दिवसापासून माझ्या दारात सायकलही उभी राहिली नसती. मी खरंच घाबरलो होतो.

तोड बायकोनंच काढली. ती भाजीवाल्यांच्या घरची. वांग्याला आतून कीड आहे की नाही हे ती न कापता, नुसतं हुंगून सांगायची. चार दिवस तिनं माझ्यासोबत धूर हुंगला आणि तिला सगळं समजलं. मला शिकायला चार वर्षं लागली होती, हे मी तिला सांगितलं नाही. मग ठरलं असं, की गाडी चालू झाली की ती घरातून हात पुसत यायची, धुराच्या बाजूनं जायची आणि विचारायची, "अवो, वरण घट्ट झालं, चालते का?" म्हणजे तेल जास्त. "पातळ झालं" म्हणजे तेल कमी. काहीच न बोलता गेली म्हणजे बरोबर. गिऱ्हाइकांना वाटायचं, बिचाऱ्या मिस्त्रीच्या बायकोला वरण काही जमत नाही. एकानं तर मला समजावलं, "मिस्त्री, तुमी हाटेलातच जेवत जा." तिनं ते आतून ऐकलं आणि त्याची गाडी सलग तीनदा घट्ट सांगितली.

तरी माझं मन भरेना. बायको आसपास का असते, असं कुणी विचारलं तर? म्हणून मी भंगारातून घड्याळासारखं एक गोल, काट्याचं मीटर आणलं. लिलावातला माल, म्हणे जुन्या विमानातलं. धुरावरून हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवायचं, पण आतून जळालेलं. मी त्याला टॉर्चचा सेल जोडला आणि रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण लावलं. बटण फळीखाली लपवलं. बायको पातळ म्हणाली की मी हळूच बटण फिरवायचो आणि काटा डावीकडे पडायचा. लोक आ वासून बघायचे. सिंदीहून, पुलगावहून माणसं तो काटा बघायला यायला लागली. मी डोळे बारीक करून "हं" म्हणायचो. लबाडी एवढी सुखाची असते हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग एक फौजी आला. फौजेत ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यावर त्यानं लष्कराचा जुना पेट्रोल ट्रक लिलावात घेतला आणि आसपासच्या मळ्यांमधली भाजी नागपूरला न्यायला लागला. पेट्रोल महागल्यावर सगळे डिझेलकडे गेले, पण हा पठ्ठ्या हट्टी. त्यानं कुठूनतरी सुपरचार्जर पैदा केला होता. म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून आत जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. त्याची एकच इच्छा होती. भरल्या गाडीनं केळझरचा चढ दम न खाता चढायचा.

मी पंखा बसवला. पण हवा वाढली की तेलही त्याच मापात वाढवावं लागतं. भर चढावर तेल कमी पडलं तर पिस्टनला भोक पडतं आणि इंजिन जागच्या जागी संपतं. उभ्या गाडीचा धूर हुंगून हे कळत नाही, चढावरच बघावं लागतं. म्हणून मी कार्बोरेटरच्या सुईला सायकलच्या ब्रेकची तार जोडून केबिनमध्ये आणली, म्हणजे चालत्या गाडीत तेल कमी-जास्त करता येईल. घड्याळ फौजीच्या डोळ्यांसमोर टांगलं. बटण माझ्या मांडीखाली. आणि बायकोनं केळझरच्या गणपतीला जायचं निमित्त काढलं. या ट्रकचं धुराडं केबिनच्या मागून वर निघत होतं. ती त्याला लागूनच फुलकोबीच्या पोत्यांवर बसली. दोन पुरुषांमध्ये कुठं बसू, म्हणाली. तिच्या हातात डबा होता. केबिनच्या पत्र्यावर एक ठोका म्हणजे पातळ, दोन म्हणजे घट्ट.

सेलूपर्यंत मजेत गेलो. दोन ठोके आले, मी तार सैल केली. एक आला, ताणली. फौजी काट्याकडे बघून खूश. चढ लागण्याआधी मी काटा बरोबर मध्यावर आणून ठेवला आणि सांगितलं, "आता बिनधास्त दाबा."

त्यानं दाबलं. पंखा शिट्टी मारायला लागला, ट्रक उसळला, आणि मागून एक ठोका आला. मी तार ओढली. ती सरळ माझ्या हातात आली. पुढचं टोक निसटलं होतं.

ठोका. ठोका. ठोका. मग डबा बाजूला ठेवून ती ओरडायला लागली, "अवो, वरण पातळ झालं! पार पानी झालं!"

"चढावर कोनतं वरण?" फौजी म्हणाला.

"जरा थांबवा गाडी," मी म्हणालो.

"काऊन? काटा तर बरोबर हाये."

काटा बरोबरच होता, मीच ठेवला होता. काटा पाडायला मी मांडीखाली बटण चाचपू लागलो. तेवढ्यात केबिनवरून एक फुलकोबी आली आणि बॉनेटवर फुटली. फौजीनं कचकन ब्रेक मारला.

तो खाली उतरून ओरडला, "वैनी, हे काय चालवलं?"

ती माझ्याकडे बघत होती. मी नजर हातातल्या तारेवर ठेवली. मग ती मान खाली घालून म्हणाली, "मले भेव वाटलं जी. मी बह्याडच हावो."

फौजी हसला. बाईमाणसाला गाडीत घेतलं की असंच होते म्हणाला आणि पुन्हा चढून बसला. त्यानं चावीला हात घातला. माझं सगळं झाकलं गेलं होतं. काहीतरी निमित्त काढून तार गुपचूप बांधून घेतली असती, तर कुणाला काही कळलंही नसतं. पण ती तिथं कोबीच्या ढिगात खाली मान घालून बसली होती. पूर्ण वर्षभर तिनं माझ्यासाठी धूर गिळला होता, आणि आता माझ्यासाठीच बावळट ठरली होती. मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

"चावी फिरवू नका," मी म्हणालो. "काटा खोटा हाये. मले वास येत नाई. धूर बायको हुंगते. वर्ष झालं."

फौजी खाली वाकला, त्यानं बटण शोधून काढलं आणि फिरवलं. काटा डावीकडे गेला, उजवीकडे गेला. तो बराच वेळ फिरवत बसला. मला वाटलं आता कानाखाली बसते. मग तो खाली उतरला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"वैनी, तेल कमी होतं?"

"लय कमी होतं, भाऊ. नाकातून पानी येऊन राह्यलं होतं."

"मंग आता तुमी म्हनसान तेव्हाच दाबतो."

मी तार बांधली. पुन्हा चढ घेतला. एक ठोका आला, मी जरा ताणली, आणि मग पुढं काहीच आलं नाही. पंखा शिट्टी मारत होता, ट्रक वर चढत होता आणि मागं शांत होतं. मी कान पत्र्याला लावून बसलो होतो. माथ्यावर पोचल्यावर फौजी स्टिअरिंगवर हात आपटून ओरडला. मी रडत होतो.

गोष्ट अर्थातच फुटली. फौजीच्या पोटात ती संध्याकाळपर्यंतही राहिली नाही. दुसऱ्या दिवशी मी गॅरेज उघडून नुसता बसलो, कारण कोणी येणार नाही याची खात्री होती. दहाच्या सुमाराला दोन ट्रक येऊन उभे राहिले. ड्रायव्हर उतरले.

"वैनी हायेत का?"

"मळ्यात गेली हाये. दाखवा, मी पाहतो ना."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि जुन्या टायरवर बैठक मारली. "राहू द्या, मिस्त्री. आमी थांबतो. तुमी चहा पाजा."

मी आत जाऊन चहाचं दूध ठेवलं आणि समोर उभा राहिलो. थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला, "मिस्त्री, दूध करपून राह्यलं!"