फणसाचा फोन

एक गोष्ट मी आजवर घराबाहेर कोणालाच सांगितलेली नाही, आणि घरात सांगितली ती खोटी सांगितली. एका बड्या कंपनीचा नवा फोन बाजारात यायच्या आधी त्याचा फोटो फुटला होता. मागची बाजू लाकडाची असलेला. त्या फोटोवरून इंटरनेटवर पंधरा दिवस नुसता गोंधळ चालला होता. तर तो फोन फणसाचा होता. आणि ज्या खिशात तो होता, तो खिसा माझा.

मी रत्नागिरीतल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्या गोळा करणं आणि सापळ्यावरची धूळ पुसणं ही माझी दोन मुख्य कामं. सापळा आणि मी, दोघांत जास्त बोलका कोण, यावर शिक्षकांच्या खोलीत मतभेद आहेत. (बहुमत सापळ्याच्या बाजूने.)

आमच्याकडे माझे सासरे राहतात, आबा. दाभोळला चाळीस वर्षं त्यांनी लाकडी होड्या बांधल्या. कागदावर एक रेघ न मारता! खाडीकडे तोंड करून उभे राहायचे, एक डोळा मिटायचे, की होडी त्यांना दिसायला लागायची. मग फायबरच्या होड्या आल्या. त्या साच्यात ओततात, इडलीसारख्या. "इडली तरंगली म्हणून तिला होडी म्हणायची काय?" असं आबांनी गावभर विचारून पाहिलं. लोक म्हणाले, म्हणायची. तेव्हा आबा हत्यारांची पेटी उचलून लेकीकडे आले आणि आमच्या पडवीत बसून राहिले.

रोज संध्याकाळी मी शाळेतून सुटलो की चहाच्या टपरीवर जातो. तिथला मुख्य वक्ता नंदू खातू. त्याचं रंगाचं दुकान आहे, पण भिंतीला कुठला रंग चांगला हे विचारलं तर तो म्हणतो, "कुठलाही ने." फोनबद्दल मात्र त्याला सगळं माहीत. तेही फोन निघायच्या आधी! निघाल्यानंतर त्याला त्यात काही रस नसतो. त्या वर्षी कंपनीच्या कार्यक्रमाला महिना होता आणि खातूला उसंत नव्हती.

"यंदा बटणंच नाहीत. नुसतं बघायचं फोनकडे, की लागला!"

"आणि चुकून बघितलं तर?" टपरीवाला.

"चुकून नाही बघायचं! आणि बॅटरी? गणपतीत भरली की शिमग्यापर्यंत हात लावायला नको."

"मासा ओळखणार म्हणे," कोणीतरी म्हणालं.

"ओळखणार काय, ताजा की बर्फातला ते पण सांगणार!" खातू त्याच क्षणी म्हणाला. मग रिवाजाप्रमाणे माझ्याकडे वळला. "तुला काय वाटतं रे विलास?"

मी म्हणालो, "बघू."

गेली पंचवीस वर्षं मी त्या टपरीवर "बघू" एवढंच म्हणत आलोय. एकदा टपरीवाल्याने विचारलं, "चहात साखर घालू?" तेव्हाही मी "बघू" म्हणालो होतो.

त्या रात्री जेवताना मी बायकोला, सुमनला, सहज म्हणालो की नवा फोन म्हणे साडेपाच मिलीमीटर जाडीचा आहे, खिशात वाकायचा. पलीकडे आबा ताक पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला.

"साडेपाच मिलीमीटर म्हणजे पावणेदोन सूत. लांबी?"

मी खातूकडून ऐकलेली सगळी मापं सांगितली. आबांनी एक डोळा मिटला.

"करून बघूया. होडी बांधायच्या आधी आम्ही वीतभर होडी करून घेतो. हातात घेतल्याबिगर वस्तू कळत नाय, जावयबापू."

दुसऱ्या दिवशी पडवीत रंधा चालू झाला. सुमन कंबरेवर हात ठेवून उभी. "आबा, सहा महिने पोळपाट मागतेय मी! आणि ह्यांचा फोन लगेच होतोय?"

"पोळपाट कोण पण करील गो," आबा फळीवरून नजर न काढता म्हणाले.

चार दिवसांत फोन झाला. विहिरीजवळचा फणस वादळात पडला होता, त्याचं पिवळंधमक लाकूड. पुढे तुटलेल्या तसबिरीची काच, आतून काळा रंग दिलेली. मागे कॅमेरे म्हणून करवंटीच्या तीन चकत्या, घासून घासून अशा काळ्याभोर केलेल्या की तोंड दिसावं. आणि वरून, होडीच्या फळ्यांना चोळतात ते मोरी माशाचं तेल. फोन हातात घेतला आणि खरंच सांगतो, माझा खरा फोन मला विटेसारखा वाटायला लागला.

आबांनी तो फडक्याने पुसून माझ्या हातात ठेवला. "एक काम करा. होडीवर मालकाचं नाव असतं, देवाचं असतं, मालकाच्या बायकोचं असतं. मेस्त्र्याचं नाव कुठे नसतं. चाळीस वर्षांत एकदा पण नाय. ह्याचं कोणी विचारलं, तर तेवढं माझं नाव सांगा."

"सांगतो ना," मी म्हणालो. एवढं सोपं काम मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं.

संध्याकाळी मी तो शर्टाच्या खिशात घालून निघालो. टपरीपर्यंत पोचलो तेव्हा माझ्यामागे तीन मांजरं होती. मोरीच्या तेलाचा प्रताप! मी थांबलो की ती थांबायची, मी चाललो की चालायची. एखादा मंत्री पाहणीला निघावा तसा आमचा ताफा टपरीवर आला.

खातू बोलता बोलता अडकला. माझ्या खिशातून वर आलेली करवंटीची एक चकती आणि बोटभर लाकूड त्याला दिसलं होतं.

"विलास. हे काय आहे?"

मी उत्तर देणार होतो. शपथेवर सांगतो, देणार होतो! पण तेवढ्यात एक मांजर माझ्या पायाला अंग घासायला लागलं. मी दचकून आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. खातूने आवाज एकदम खाली आणला.

"कळलं. बोलू नकोस. कुठून मिळाला? आतल्या माणसाकडून?"

आता आबा म्हणजे घरातलेच, म्हणजे आतलेच. मी मान हलवली.

"चालू होतो?"

मी खिसा चाचपला.

"सॉफ्टवेअर नसेल टाकलेलं अजून," खातूनेच मला सांगितलं. मग त्याने नाक पुढे केलं, हुंगलं आणि त्याचे डोळे विस्फारले. "वास येतोय! अरे, वासाचं फीचर दिलंय यांनी!"

टपरीवरची पाच-सहा माणसं माझ्याकडे बघत होती. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच, कोणीतरी माझ्याकडे बघत होतं! ते बघणं मला सोडवेना. नाव सांगायची हीच वेळ होती. आणि मी काय म्हणालो?

"कोणाला सांगू नको."

रत्नागिरीत एखादी गोष्ट सगळ्यांना कळवायची असेल तर हेच तीन शब्द म्हणतात. तरी खातूने बराच दम धरला. त्याने माझ्या खिशाचा फोटो काढला आणि तो पसरवायच्या आधी स्वतःचा चहा संपवला.

तिसऱ्या दिवशी सुमन स्वयंपाकघरातून ओरडत आली. "अहो! हा आपला फोन! ही तुमच्या शर्टाची शिवण, मीच घातलीय!"

तिच्या मोबाइलवर एक तरुण माणूस माझ्या खिशाभोवती लाल वर्तुळ काढून बोलत होता. म्हणाला, हे लाकूड उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशात उगवतं. (आमच्या विहिरीपाशी!) म्हणाला, लेन्सवर आजवर न पाहिलेलं आवरण आहे. (करवंटी!) चकतीच्या बाजूला एक बारीक भोक होतं, किड्याने पाडलेलं. ते म्हणे ताप मोजण्याचं साधन. शेवटी म्हणाला, "इतकं सफाईदार काम माणसाच्या हातून होणं शक्यच नाही. हे यंत्राचंच काम."

आबा पाठीमागे येऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर रागावू की हसू, असं काहीतरी चाललं होतं.

"नाव घेतलं काय त्याने?"

"नाही हो आबा," सुमन म्हणाली.

"तुम्ही सांगितलंत ना, जावयबापू?"

"सांगितलं," मी म्हणालो. हेच ते घरातलं खोटं.

त्या दिवसापासून आबा रोज जेवण झालं की सुमनचा मोबाइल घेऊन पडवीत बसायला लागले. फणसाच्या फोनवरचा एकूण एक व्हिडिओ बघायचे. इंग्रजी, हिंदी, एक तर कुठल्याशा भाषेतला, ज्यात बोलणाऱ्याला सारखं रडू येत होतं. शेवटी घंटेचं चित्र येऊन सगळं संपेपर्यंत हलायचे नाहीत. संपला की म्हणायचे, "ह्याला पण कोणी सांगितलं नाय वाटतं," आणि पुढचा लावायचे.

इकडे टपरी माझ्या ताब्यात आली होती. खातूचे साडू अलोऱ्याहून खास माझा खिसा हुंगायला आले. भाट्याच्या एका बाईंनी, हा वास उदबत्तीत मिळेल का, असं विचारलं. खातूने तर स्वतःच्या जुन्या फोनला मोरीचं तेल चोळलं, आणि त्याच्याही मागे मांजरं लागली. आता आम्ही दोघं रस्त्याने चाललो की ती कोणाच्या मागे जावं यावरून आपापसात भांडायची. लोक विचारायचे, मी "बघू" म्हणायचो. तेच "बघू"! पण आता त्यावर दोन-दोन दिवस चर्चा व्हायच्या.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी खातूने रंगाच्या दुकानात मोठा टीव्ही लावला. डब्यांवर फळ्या टाकून बसायची सोय केली, टीव्हीसमोर नारळ फोडला. मी एकटाच सटकायच्या बेतात होतो, तर आबा धुवट सदरा आणि टोपी घालून दारात उभे.

"मी पण येतो. बाकीच्यांनी नाय सांगितलं, पण कंपनी तरी सांगेल ना आज? त्यांना तर माहीत असणारच, त्यांच्या मापाचा कोणी केला ते."

मी चपला घातल्या.

खातूने आबांना पहिल्या फळीवर बसवलं, माझे सासरे म्हणून. टीव्हीवर अंधार झाला, संगीत वाजलं, एक माणूस हात पसरून आला, आणि फोन दिसला. पांढरा. काचेचा. बटणं चार. वास नाही.

दुकानातली सगळी डोकी टीव्हीवरून माझ्याकडे वळली. जणू कुणीतरी दोरी ओढली!

"विलास," खातू म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. बिचाऱ्याचा फोन तेव्हाही घमघमत होता. "हे काय? मग तुझ्याकडचा कुठला?"

यासारखी संधी देव माणसाला पुन्हा पुन्हा देत नाही. पहिल्या फळीवर आबा बसलेले. एक वाक्य म्हणायचं होतं: हा आमच्या आबांनी केलाय. म्हटलं असतं तर लोक माझ्यावर हसले असते, पण त्यांच्याकडे वळून बघितलं असतं. आबा माझ्याकडे बघत होते; त्यांनी टोपी नीट केली, नाव पुकारलं की उठायला बरं म्हणून.

मी म्हणालो, "तो पुढच्या वर्षीचा."

"पुढच्या वर्षीचा!" खातू ओरडला आणि त्याच्या तोंडावर जीव परत आला. "अरे देवा! पुढच्या वर्षीचा!" मग त्याला शंका आली असावी. तो आबांकडे वळला. "आबा, तुम्ही तर घरात असता. खरं काय?"

दाभोळकडे भर चारचौघांत जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. ही रीत मला लग्नात समजावून सांगितली होती, आणि तेव्हा ती मला फार आवडली होती. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"जावयबापू म्हणतात तर पुढच्याच वर्षीचा असणार," ते म्हणाले. "कंपनीला काम जमतं हो. हातांनी व्हायचं नाय असलं."

टाळ्या पडल्या. माझ्यासाठी!

परत येताना आबा काही बोलले नाहीत. मांजरं मागून येत होती, तीही काही बोलली नाहीत. पायरीशी आबा थांबले. मला वाटलं, आता बोलतील. बोलावंच त्यांनी.

"पुढच्या वर्षीचा म्हणालात ते बरं केलंत, जावयबापू. घाईत डाव्या अंगाला जरा खरखर राहिली होती. वर्षभरात काढतो."

आणि खरंच, तेव्हापासून ते काढताहेत. आता पुन्हा कार्यक्रम जवळ आलाय, खातू रोज माझ्या खिशाकडे बघतो, आणि मला झोप लागत नाही. म्हणून सगळं लिहून काढलं, काही लपवलं नाही. फोन फणसाचा. तो केला दत्ताराम धोंडू मेस्त्री यांनी, मूळ राहणार दाभोळ. नंदू खातू काहीही वाचत नाही, तो फक्त व्हिडिओ बघतो. हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच तर लिहायचं धाडस झालं! हेच नाव टपरीवर, खातूच्या तोंडावर, मोठ्याने घेणं, एवढं मी आबांचं अजून देणं लागतो.