नेसरी ते कळंबा, सुजाताताईंच्या मागं मागं

आमच्या कोल्हापूरच्या कळंबा तलावावरच्या पळणाऱ्या मंडळींत किस्से शोधावे लागत नाहीत. कुणी बुटाची नाडी बांधायला खाली वाकला तरी उठेपर्यंत एक किस्सा तयार असतो! त्यात सुजाताताई चौगुलेंनी एकटीनं नेसरी ते कळंबा दोन दिवसांत पळायचं ठरवलं आणि मला, म्हणजे ग्रुपमधल्या सगळ्यात हळू पळणाऱ्याला, स्कूटरवर पाणी घेऊन मागं यायला सांगितलं. मग तर विचारूच नका.

*

ताईंचं माहेर पेठ वडगाव. तिथं हार्डवेअरचं दुकान. धाकटा भाऊ अजित मनानं आजारी पडला आणि वरच्या खोलीतून खाली यायचाच बंद झाला. घरच्यांनी गावभर सांगितलं, "अजित दुबईला गेलाय."

पुढं उपचार लागू पडले. पोरगा बरा झाला, पहिल्यांदा गल्ल्यावर बसला. पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "काय अजितराव, दुबईहून सेंट आणला का न्हाय?"

"सेंट कुठला? मी वरच्या खोलीत होतो की!"

गिऱ्हाईक खिळे न घेताच गेलं. ताई मात्र त्याच दिवशी म्हणाल्या, "आता आपणच मोठ्यानं बोलायचं." कोल्हापुरात एक खोली घ्यायची, तिथं समुपदेशक बसतील, कुणीही यावं, फुकट बोलावं. त्या खोलीच्या वर्गणीसाठी ही पळापळ!

*

वर्गणी मागायला गेलो तर एक व्यापारी म्हणाले, "शाळेला देतो, देवळाला देतो. पण ह्याच्या पावतीवर नाव घालू नका. लोक म्हणतील, ह्यांच्या घरात कोणतरी हाय."

ताई शांतपणे म्हणाल्या, "नाव न घालायचे जास्त पडतील!"

दिले की त्यांनी! मुकाट्यानं दिले.

*

नेसरी सोडून गडहिंग्लजकडं निघालो, तर मागनं एसटी आली आणि थांबली. कंडक्टर दारातनं ओरडला, "ओ अक्का, जागा हाय, चढा की!"

"मला पळायचंच हाय!"

"का? कोण मागं लागलंय?" असं म्हणून त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी स्कूटर दहा पावलं मागं घेतली.

ताईंनी पळता पळता सगळं सांगितलं. एसटी तेवढा वेळ शेजारून रांगत होती. मग गेली. गडहिंग्लजच्या स्टँडवर हाच कंडक्टर आमची वाट बघत उभा! हातात रुमालाची पुरचुंडी.

"गाडीत हिंडलो. तिकीट काढल्यावरबी पैसे देणारी माणसं आज पहिल्यांदा बघितली!"

*

दुसऱ्या दिवशी कागलच्या अलीकडं मात्र हसू आटलं. ऊन चढलं होतं. ताईंचे पाय सुजले होते, अंगठ्यातनं रक्त येत होतं. त्या रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या आणि रडायलाच लागल्या.

मी म्हणालो, "ताई, बसा गाडीवर. कोण बघतंय?"

"मी बघतोय की," त्या म्हणाल्या. आमच्याकडं बायकाही असंच बोलतात.

मी अजितला फोन लावून त्यांच्या हातात दिला. स्पीकर चालू होता.

"दुखतंय?" अजितनं विचारलं.

"लई."

"कुठं?"

"पायात रे!"

"मग बरं हाय की. दाखवता तरी येतंय."

ताईंनी फोन मला दिला. डोळे पुसले, अंगठ्याला पट्टी गुंडाळली, नाडी करकचून बांधली. पुढं कळंब्यापर्यंत त्या धावल्या, चालल्या, लंगडल्या. पण स्कूटरकडं वळूनही बघितलं नाही.

*

आता शेवटचा. ह्यातलं नाव-गाव सांगणार नाही.

वाटेतल्या एका गावात चप्पल घातलेला एक माणूस ताईंच्या बरोबरीनं पळायला लागला. मग म्हणाला, "माझा एक मित्र हाय. त्याला झोप लागत न्हाय. तुमच्या खोलीत नाव सांगावं लागतंय का?"

"न्हाय. खोली सुरू झाली की मंगळवारी पाठवा."

त्याच गावाच्या शेवटच्या घरातनं एक बाई ताक घेऊन बाहेर आली. ताई पिताना ती हळूच म्हणाली, "माझी एक मैत्रीण हाय. हसायचंच विसरलीया. नाव सांगावं लागतंय?"

"न्हाय. मंगळवारी पाठवा."

खोली सुरू झाली. पहिल्या मंगळवारी दारापाशी मी बसलो होतो. तो माणूस आला, कोपऱ्यातल्या बाकावर तोंडापुढं पेपर धरून बसला. थोड्या वेळानं ती बाई आली, पदर सावरत. पेपर खाली आला.

"तू हितं?"

"मैत्रिणीसाठी आलोय. आणि तुम्ही वो? सकाळी बँकेत जातो म्हणालासा!"

"मित्रासाठी."

मग नवरा बाकावर जरा सरकला, बायको शेजारी बसली.

आतलं दार उघडून समुपदेशक बाईंनी विचारलं, "आधी कोण येतंय?"

त्यानं पेपरची नीट घडी घातली आणि म्हणाला, "हिची मैत्रीण जाऊ दे आधी."