आधी तुमी खावा

कपिलतीर्थ मंडईत काकडी घ्यायची तर इमामबीकडूनच, असं आमच्या गल्लीतल्या बायकांचं ठरलेलं. तिचा माल स्वस्त नसायचा आणि जीभ तर त्याहून तिखट. पण शेतकऱ्यानं पाटी आणली की ती आधी त्यालाच त्यातली एक काकडी न धुता खायला लावायची. खाल्ली तर माल घ्यायची, नाहीतर “पावणं, पुढं व्हा.”

सत्त्याहत्तरच्या सुमाराला भाजीवरच्या औषधाचा कायदा मंडईत पोचला. फवारणीचा अंश ठरलेल्या मापाहून जास्त निघाला की खटला, आणि तोही ज्याच्यापुढं माल सापडेल त्याच्यावर. इमामबीला नवरा नव्हता. घर मंडईतल्या तिच्या गोणपाटाएवढ्या जागेवर चालायचं. एक खटला झाला की जागा गेलीच.

एका सोमवारी पेठ वडगावचे हंबीरराव पाटी घेऊन आले. काकड्या अशा तुकतुकीत, की मी आधीच पिशवी उघडली.

“खावा,” इमामबी म्हणाली.

“आज सोमवार. उपास हाय माझा.”

“मग बरंच की. काकडी उपासाला चालती. आमाला म्हाईत हाय, तुमाला न्हाय व्हय?”

आजूबाजूच्या बायका खिदळल्या. हंबीररावांनी काकडी उचलली, हुंगली, परत ठेवली.

“दात दुखतोय गं.”

“कुठला? उपासाचा?”

तेवढ्यात अन्नतपासणीचा इन्स्पेक्टर येऊन ठाकला. “ही काकडी कुणाची?”

पाटी नेमकी दोघांच्या मधोमध.

“हिची,” हंबीरराव चटकन म्हणाले. “आत्ताच दिली की.”

इमामबीचा चेहरा उतरला. साहेबानं नमुन्याच्या पिशव्या काढल्या. मग ती पदर खोचून उठली आणि शेजारच्या हमालाला हाक मारली.

“बरं, माझी तर माझी. चमन, उचल पाटी, ओत उकिरड्यावर. मला न्हाय इकायची.”

चमननं पाटी खरंच डोक्यावर घेतली.

“ए, ए! ठेव खाली!” हंबीरराव ओरडले. “माझी काकडी हाय ती! हिनं अजून घेतल्याली न्हाय!”

साहेबानं शांतपणे त्यांच्याकडं मान वळवली. “नाव सांगा.”

आता पंच हवा होता. कोर्टाच्या खेपा कुणाला हव्यात? सगळी मंडई एकदम भाजी निवडण्यात गर्क झाली. इमामबीनं डावा अंगठा पुढं केला.

“लावा शाई, साहेब. म्या बघितलंय समदं.”

“इमामबी,” हंबीररावांचा आवाज मऊ झाला, “तुला मी भैन मानतो.”

“मग भावाच्या अडचणीला भैन नको व्हय?”

काकडी साहेबाबरोबर आणि हंबीररावांबरोबर गेली. गोणपाटावर तेवढी कोथिंबीर उरली. मी दोन पेंड्या घेतल्या, आणि त्या दिवशी भाव काही केला नाही.