डिझेलच्या वासाची कोकरं

आक्काबाईला किळस फार लवकर यायची. जन्म धनगराच्या घरातला, हयात मेंढरांत गेलेली, आता हिला कसली आलीय किळस, असं अंथुर्णे गावातल्या बागायतदारणी नाक मुरडून बोलायच्या. बोलू द्या. मेंढराचं मूत, विताना पडणारी वार, शेंबूड, यातलं काही तिला वावडं नव्हतं. नुकत्या जन्मलेल्या कोकराच्या तोंडातला चिकटा ती बोटानं काढायची, हात लुगड्याला पुसायची आणि भाकरी थापायला बसायची. तिला किळस यायची माणसांची. मिरवणाऱ्यांची, बढाया मारणाऱ्यांची, हातात पाना धरून कामाचं सोंग करणाऱ्यांची. आणि त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतर ती तिला पोटच्या पोराची आली.

दिवाळी झाली की त्यांचं बिऱ्हाड हलायचं. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळायचं, रानाचा मालक धान्य द्यायचा. आज हितं, उद्या तितं. नवरा सिद्धू मेंढरांमागं चालायचा. चालायला न येणारी इवली कोकरं आधी झोळीत घालून न्यायचे, मग घरात एक जुनी पिकअप आली. पेट्रोलवरची, तीन गिअरची, गिअरचा दांडा हातभर लांब. मुलगा नागेश ती चालवायचा. मागच्या हौद्यात फळ्या होत्या आणि कोकरांचं मूत खाली गळून जावं म्हणून आक्काबाईनं त्या फळ्यांना भोकं पाडून घेतली होती. कोकरांत ती स्वतः बसायची. संध्याकाळी मेंढरं नव्या तळावर पोचली की एकेक कोकरू उचलून खाली द्यायची. मेंढी आपलं पोर डोळ्यांनी ओळखत नाही, नाकानं ओळखते. शेपटीपाशी हुंगते, वास पटला तरच आचळाला लागू देते. दिवसभराच्या ताटातुटीनंतरचा तो क्षण आक्काबाईला फार आवडायचा. तेवढ्या वेळात ती कुणाला शिव्यासुद्धा देत नसे.

अशी बरी चाललेली गाडी नागेशला टोचायला लागली. चढाला दम खाते म्हणे. काटेवाडीच्या पोरांच्या गाड्या हिला मागं टाकतात म्हणे. अरे, कोकरं घेऊन तुला कुणाच्या पुढं जायचंय? पण बारामतीत संभाजी नावाचा एक फिटर त्याला भेटला होता. या फिटरनं मोडीत निघालेल्या एका टेम्पोचं डिझेल इंजिन आणून ठेवलं होतं, जुन्यापेक्षा चांगलंच मोठं. बसतंय की, म्हणाला. डोळं झाकून बसतंय. आणि खरंच डोळे झाकूनच बसवलं असावं! इंजिन मावेना तेव्हा बॉनेट आणि केबिनमधला पत्रा कापला. तरी मावेना तेव्हा सीट मागं सरकवली. सायलेन्सरचा पाईप शेवटपर्यंत न्यायला जागा उरली नाही, तर तोही कापला आणि हौद्याच्या खालीच सोडून दिला. त्यानं आवाज कसा खणखणीत येतो, असं वर कौतुक. जुनं इंजिन परस्पर भंगारात गेलं. आठवडाभर नागेश घरी आला तो काळ्या हातांनी आणि त्याच हातांनी जेवला. आक्काबाईनं त्याच्यापुढं ताट सारायचं आणि तोंड फिरवायचं. त्या हातांना डिझेलचा वास मारायचा.

"आवाज ऐक की आये," तो म्हणायचा.

ती ऐकायची नाही.

काटेवाडीच्या नव्या तळावर जायचा दिवस उजाडला. सिद्धू भल्या पहाटे मेंढरं घेऊन चालू लागला. इंजिन आत घुसल्यानं केबिनमध्ये दुसऱ्या माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती आणि हौद्यात नागेशनं आईला बसू दिलं नाही. गार वारं हाय, कोकरांवर ताडपत्री घट्ट बांधतो, तू यष्टीनं हो पुढं, म्हणाला. तिला वाटलं, चला, कोकरांच्या गारठ्याची तरी काळजी आहे मेल्याला.

काटेवाडीच्या फाट्यावर उतरून ती रस्त्याकडेला बसली. दुपार कलताना गाडी आली. कोसभरावरनंच ऐकू आली म्हणा. ती उठून उभी राहिली, हात केला. गाडी तिच्यासमोरून भुर्रकन पुढं गेली, बारामतीकडं. नागेशनं हॉर्न दिला आणि हसला. इंजिन कसं ओढतंय ते संभाजीला दाखवायचं होतं. तिथं गॅरेजपुढं गाडी चालूच ठेवून दोघंजण बॉनेट उघडून त्या आवाजाला कान लावून उभे राहिले, चहा झाला, पान झालं. मागं ताडपत्रीखाली काय चाललंय ते कुणीही बघितलं नाही. हे सगळं नागेशनंच नंतर सांगितलं, आणि सांगताना त्याला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नव्हतं.

तो परतला तेव्हा सूर्य टेकला होता. मेंढरं तळावर येऊन पोचली होती, कास तटतटलेल्या मेंढ्या ओरडून रान डोक्यावर घेत होत्या. आक्काबाईनं ताडपत्रीची दोरी सोडली आणि आतला धूर तिच्या तोंडावर आला. तिनं पाडून घेतलेल्या भोकांतूनच तो वर आला होता आणि ताडपत्रीखाली कोंडला होता. पांढरी कोकरं काळीकुट्ट झाली होती. खोकत होती, नाकं गळत होती. एक मान टाकून मेलेलं होतं.

जिवंत होती ती आक्काबाईनं भराभर खाली दिली. मेंढ्या धावत आल्या, शेपटीपाशी हुंगल्या आणि मागं सरल्या. एकीनं पाय आपटला. एकीनं आपल्याच पोराला डोकं लावून उडवलं. कोकरं उठून पुन्हा आईकडं जात होती, पुन्हा मार खात होती. आया त्यांनाच हाका मारत होत्या आणि जवळ आली की लाथाडत होत्या. सिद्धू काठी टाकून मेंढ्या आवरायला धावला.

आक्काबाईनं कासोटा खोचला. एकेक मेंढी धरायची, तिचंच दूध पिळून तिच्याच कोकराच्या पाठीला, शेपटीला चोळायचं, वर मीठ भुरभुरायचं म्हणजे मेंढी चाटायला तोंड लावते. सिद्धू मेंढी दाबून धरत होता. काही आया मिठाला भुलल्या, चाटता चाटता गप झाल्या. काही शेवटपर्यंत झाल्या नाहीत. नागेश मदतीला पुढं आला, एका कोकराला उचलू लागला.

"हात लावू नगंस," ती म्हणाली. "तुझ्या हाताचा वास लागला तर हाय ती आईबी जाईल."

तो जाऊन गाडीच्या पायरीवर बसला. तिथून सांगत राहिला की पाईप वाढवून घेता येतो, संभाजी उद्याच वाढवून देईल, एवढं काय त्यात. मेलेल्या कोकरापेक्षा, धुरापेक्षा, तिला ते 'एवढं काय त्यात' जास्त घाण वाटलं.

सकाळपर्यंत आणखी तीन गेली. सिद्धूनं बांधाच्या कडेला खड्डा काढला. नागेश तोवर तोंड धुऊन, भांग पाडून आला होता. आईनं शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली. रात्रभर तिच्या मनात एकच होतं, हा पोरगा अजून आपल्यात आहे का गेला.

"नाग्या, आमी पुढं निघतोय. कोकरं आमी उचलून नेऊ, गाडी नगं," ती हळू म्हणाली. "तू चालत येतोस का आमच्यासंगं?"

नागेशनं आधी गाडीकडं बघितलं. मग आईकडं.

"येतो की," म्हणाला.

त्याची नजर आधी कुठं गेली ते आक्काबाईनं बघितलं होतं. "ऱ्हा हितंच," ती म्हणाली आणि त्याच्या अंगावरनं पुढं गेली. जाताना तिनं नाकाला पदर लावला.