ज्ञानेश्वरकाकांची करडी होडी

सकाळी पडदा सरकवला आणि समुद्र शांत दिसला की आपण म्हणतो, छान दिवस आहे. ज्ञानेश्वरकाका म्हणतात, "आज येतील." मग दिवसभर त्यांचं कशात लक्ष लागत नाही.

ज्ञानेश्वर परुळेकर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या फोकस्टनमध्ये, चेरिटन भागात एका फ्लॅटमध्ये एकटे राहतात. मूळचे वेंगुर्ल्याचे. तरुणपणी मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते, मग डोव्हरहून फ्रान्सच्या कॅले बंदरात जाणाऱ्या फेरीबोटीच्या किचनमध्ये लागले ते करोनाच्या वर्षी निवृत्त झाले. काकू त्याआधीच गेल्या. मूलबाळ नाही.

"लोक बसने कामाला जातात, तसा मी फ्रान्सला जायचो," ते सांगतात. "उतरलो मात्र दोनदाच. दोन्ही वेळा पाव आणायला."

आमचं मराठी मंडळ लहान आहे. केंट परगण्याच्या किनाऱ्यावरच्या गावांमधली थोडीशी कुटुंबं. काही इथेच जन्मलेली, काही आमच्यासारखी नोकरीमागे आलेली. वर्षभर काकांची आठवण कोणाला फारशी यायची नाही. पण विसर्जनाच्या दिवशी काकांशिवाय पान हलत नसे, कारण होडी त्यांची. उन्हाळ्यात बांगडे पकडायला घेतलेली करडी, रबरी होडी. आदल्या दिवशी ते कोस्टगार्डला फोन करून रीतसर कळवत. सकाळी होडीत हवा भरत, मूर्ती मांडीत घेऊन बसत, आणि किनाऱ्यावरून सगळे ओरडत, "काका, सांभाळून!" त्या एका दिवसासाठी ते पाडव्यापासून तारीख विचारायला लागायचे. भेटले की पहिला प्रश्न तोच. "रविवारच ना गो? नक्की?"

माझी मुलगी तनू बारा वर्षांची झाल्यापासून त्यांच्याबरोबर होडीत जायची. मी काळजी करणारी बाई. पाण्याजवळ जाणाऱ्या प्रत्येकाने लाइफजॅकेट घालायचं, असा हट्ट मीच धरला आणि ऑनलाइन सेलमधून नारिंगी जॅकेटांचा ढीग आणला.

फ्रान्सहून विनापरवाना येणाऱ्या निर्वासितांच्या रबरी बोटींचा विषय आमच्याकडेही निघतोच. कसा निघणार नाही? गच्चीवरून दिसणाऱ्या पाण्यातच त्या येतात. एकदा निवेदिताकडे जेवायला जमलो होतो. निवेदिता म्हणजे आमची अध्यक्ष. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून व्हिसावर आलेला अतुल पुरणपोळी मोडत म्हणाला, "आपण रांगेत उभे राहतो, फिया भरतो, इंग्लिशची परीक्षा देतो. आणि हे लोक सरळ बोटीत बसतात."

"सरळ?" देविका म्हणाली. ती इथल्याच एका दवाखान्यात डॉक्टर आहे. "तू बस एकदा सरळ. मी येते सोडायला."

"इमोशनल होऊ नकोस. इथले लोक चिडतात, आणि मार आपल्याला बसतो. त्यांना काय कळतंय, कोण कुठून आलंय ते?"

"म्हणजे तुझं दुखणं ते आहे होय!"

"काका, तुम्ही सांगा," निवेदिता मध्ये पडली. "तुमचा जन्म गेला त्या पाण्यावर."

काकांनी वाटीतलं तूप बोटाने निपटलं. "त्यांना सरकार हॉटेलात ठेवतं म्हणे. माझा बॉयलर दोन आठवडे बंद आहे, त्याला कोण विचारत नाही." सगळे हसले. मग त्यांनी विचारलं, "काल बोट उलटली म्हणतात, तेव्हा वारो खंयचो होतो?"

वारा कुठला होता, हे कोणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी त्यांना घरी सोडलं. गाडीत ते आपणहून बोलले. फेरीवरच्या शेवटच्या वर्षी किचनच्या खिडकीतून त्यांना लांब एक बोट दिसली होती. माणसांनी गच्च भरलेली. त्यातली माणसं हात हलवत होती.

"मी पण हलवला," काका म्हणाले. "हातात बटाटा होता, तो तसाच धरून. मला वाटलं, पोरं मजेत आहेत, फिरायला निघालीत."

"मग?"

"मग कप्तानाने वायरलेस केला असेल. आम्हाला कोण सांगतो? माझे बटाटे व्हायचे होते."

"वाचले असतील, काका."

"असतील ना. पाणी शांत होतं." आणि उतरताना म्हणाले, "शांत असतं तेव्हाच निघतात ते."

गेल्या वर्षीच्या विसर्जनाला पाणी तसंच होतं. काका आणि तनू मूर्ती घेऊन गेले, आणि आम्ही बाकीचे गोट्यांच्या किनाऱ्यावर नारिंगी जॅकेटं घालून वाट बघत उभे राहिलो. होडी परत वळली तेव्हा वरच्या रस्त्याच्या कठड्याशी माणसं जमली होती. काहींनी फोन वर धरले होते. कोणीतरी ओरडलं, "परत जा!" आधी मला वाटलं, कोणी कुत्र्याला ओरडतंय. मग दुसरा आवाज आला, आणि त्यात जे होतं ते मी इथे लिहीत नाही. अतुल पुढे होऊन आपण कोण ते समजावायला लागला. त्याचं अगदी स्वच्छ इंग्लिश त्या उताराच्या निम्म्यापर्यंतसुद्धा पोचलं नाही.

मला फक्त होडी दिसत होती. वल्ही मारायची थांबली होती. काका उठून तनूच्या पुढे बसले, तिला पाठीमागे घालून.

पोलीस आले. चांगले वागले. तरुण पोलिसाने काकांना विचारलं, "सर, तुम्ही कुठून आलात?"

"चेरिटन," काका म्हणाले. पाणी गळणारी विजार, हातात रिकामा पाट. "बस नंबर सांगू का?"

पोलीस हसला, आम्हीही हसलो. प्रसाद दिला, त्याने खाल्ला. तिथे संपायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ फोनाफोनांतून फिरला. त्यात होडी होती, जॅकेटं होती आणि तनूचा चेहरा होता. मूर्ती नव्हती, कारण ती तोवर पाण्यात गेली होती. खाली लोकांनी लिहिलं होतं की होडीला भोक पाडायला हवं होतं. मी एकेक ओळ वाचत गेले. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, ती इथल्याच हॉस्पिटलात जन्मली, असं मी कितीदा टाइप केलं आणि खोडलं. ते खरं नसतं तर मग चाललं असतं का, या प्रश्नाशी येऊन मी दर वेळी थांबत होते.

मंडळाच्या मीटिंगमध्ये फार चर्चा झालीच नाही. यंदापासून विसर्जन हॉलमध्ये, मुलांच्या खेळण्याच्या फुगवायच्या तलावात. निवेदिताने काकांकडे बघायचं टाळून विचारलं, "काका, चालेल ना?"

"चालेल ना," काका म्हणाले. "पोरांचं बघायला हवं आधी."

यंदा त्यांनी मला तारीख एकदाही विचारली नाही. मीच फोन करून सांगितली.

शनिवारी हॉलमध्ये विसर्जन झालं. निळा तलाव, त्यावर हसरे डॉल्फिन. मुलांना फार मजा आली. काका इस्त्रीचा झब्बा घालून आले आणि मागच्या खुर्चीवर बसले. कोणीतरी त्यांच्या हातात कोटांचा ढीग दिला. आरती होईपर्यंत ते तो सांभाळत बसले, मग खुर्चीवर नीट घडी करून ठेवून निघून गेले.

रविवारी सकाळी हॉल साफ करायची पाळी माझी आणि तनूची होती. आम्ही पोचलो तर काका दाराशी उभे, हातात निळी बादली.

"माती कुठे टाकणार?" त्यांनी विचारलं.

"बाहेरच्या फुलझाडांना घालायचं ठरलंय, काका."

"घाला की. मला थोडी द्या."

मूर्ती पार विरघळली होती. तळाशी शाडूचा मऊ गाळ, त्यात दूर्वा. काकांनी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी तो बादलीत घेतला. हात धुतले, आणि बादली घेऊन बस स्टॉपकडे चालायला लागले.

"मम्, काका बादली घेऊन कुठे जातोय?" तनूने विचारलं. तिला ठाऊक होतं. मलाही.

आम्ही त्यांना गाडीत घेतलं. किनाऱ्यावर ऊन होतं, माणसं होती. तनू सीटबेल्ट सोडायला लागली तसे काका म्हणाले, "तू नको, बाय. तुझो चेहरो लोकांनी बघितलोहा."

"आय डोन्ट केअर, काका."

"पण माका असा केअर."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. एवढं बरं वाटलं की मी काचासुद्धा खाली केल्या नाहीत.

ते गोट्यांवरून हळूहळू उतरले. मी त्यांच्याकडे कमी आणि कठड्यावरच्या माणसांकडे जास्त बघत होते. कुत्रा घेऊन चाललेला एक माणूस थांबला. त्याचा हात खिशात गेला, आणि माझा गाडीच्या दाराकडे. त्याने रुमाल काढला.

काका गुडघाभर पाण्यात शिरले. बादली हळूच वाकडी केली. पाणी क्षणभर पांढरट झालं आणि परत पहिल्यासारखं. मग त्यांनी हनुवटी वर केली. होडीतून आरोळी द्यायला ते दर वर्षी तशीच करत. "गणपती बाप्पा" म्हणाले असणार. आम्हाला ऐकू आलं नाही. त्यानंतर ते थांबले, पलीकडून उत्तर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढे.

"मोरया," तनू बंद गाडीत म्हणाली. मीही म्हणाले.

ते तसेच उभे होते, फ्रान्सकडे तोंड करून. मग बादली खळबळून परत आले. मागच्या सीटवर ओल्या पायांखाली वर्तमानपत्र पसरून बसले.

"काय गुळगुळीत पाणी आहे," ते म्हणाले. चेहरा मात्र उतरलेला होता.

काल तनूला मँचेस्टरच्या युनिव्हर्सिटीत जायला ट्रेनमध्ये बसवून आले. पोचल्यावर मेसेज कर म्हटलं होतं, हॉस्टेलवर गेल्यावरही कर म्हटलं होतं. केले तिने. तरी झोप येत नाही म्हणून हे लिहीत बसले आहे. खिडकी उघडून बघितलं. बाहेरचं एक पान हलत नाही. पलीकडे फ्रान्सच्या वाळूवर कोणाची तरी मुलं आत्ता बोटीकडे चालत असतील, आणि त्यांच्या आयांना आज वारा कुठला आहे हे माहीत नसेल. चेरिटनला काका जागे असतील. त्यांना फोन करावासा वाटतोय, पण काय बोलायचं ते सुचत नाही.