पोयेऱ्याची नोकरी

दोन्या हिमेनाबाईंच्या ला पाझमधल्या खानावळीत ‘कायद्यापुढे आपण सारे समान’ अशी पाटी होती. पाटी लावणं कायद्यानं भागच होतं. सोनेरी चौकट मात्र बाईंच्या मनाचा मोठेपणा. ती रोज पुसायचं काम बासिलिया चुकिमिया या मूलनिवासी बाईकडे, आणि स्वयंपाकही तिच्याकडेच. तिच्या हातचं शेंगदाण्याचं सूप प्यायला कचेऱ्यांतले साहेबलोक यायचे. तिनं त्यांच्या नजरेस पडू नये, एवढीच काय ती अट.

वाढणारी बाई सोडून गेली तेव्हा बासिलियानं ती जागा मागितली. पगार बरा होता. शिवाय आपलं सूप पिताना माणसांचे चेहरे कसे होतात, हे तिला एकदा बघायचं होतं.

“अगं बासिलिता, तू तर घरचीच!” बाई कळवळून म्हणाल्या. “पण तुझा हा घेरदार पोयेरा टेबलांमधून जाणार कसा? पॅन्ट घालून ये, उद्यापासून बाहेर वाढ.”

“बाईसाहेब, हा घागरा माझी आई नेसली, आजी नेसली. मी तो ताटं उचलायला सोडू होय?”

तिनं सरळ कामगार कचेरीत तक्रार केली. तपासणीला साहेब येणार हे कळताच बाईंना समतेचा उमाळा आला. त्यांनी भाचीची मैत्रीण दानिएला, गोरीपान कॉलेजकन्या, वाढायला उभी केली. पोयेरावाल्या बायकांसारख्या गंगावन लावून तिच्या दोन वेण्या घातल्या, वर त्यांच्यासारखी हॅट चढवली आणि बासिलियाला फर्मावलं, “तुझा सणाचा पोयेरा आण. दिवसापुरता.”

बासिलियानं तो मुकाट्यानं आणला, वर नाडीही बांधून दिली. बाईंना वाटलं, आली वठणीवर.

साहेब आले. दानिएला हॅट सावरत टेबलांमधून भिरभिरत होती. “बघा,” बाई म्हणाल्या, “आमच्याकडे पोयेरावालीला केवढा मान!” साहेब खूश होऊन लिहायला लागले. पोयेऱ्याला नोकरी लागली होती, त्याच्या मालकिणीचं काय ते पुढे बघता आलं असतं.

तेवढ्यात बासिलिया हात पुसत बाहेर आली. “साहेब, हा पोयेरा माझा. टेबलांमधून जात नाही म्हणून मला बाहेर काम नाही. आता जातोय ना? मग अडतंय काय? माझा चेहरा?”

बाई घाईनं म्हणाल्या, “बासिलिता, आत जा, सूप करपतंय!”

“करपू द्या,” बासिलिया म्हणाली आणि साहेबांसमोरची खुर्ची ओढून बसली. “लिहा, साहेब. नाव, बासिलिया चुकिमिया.”